सरळ खाली निपाणी

मला एक सांगा, तुम्ही विश्वास कुणावर ठेवता? माणसावर, कागदावर, की यंत्रावर? घाई नको, विचार करून सांगा. मी तीस वर्षं शाहूपुरीत बॅटऱ्या विकतोय. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "शेठ, पाणी वेळच्या वेळी घातलं." बॅटरी उघडावी तर आत कोरडी ठणठणीत! आणि गॅरंटी कार्डावरची तारीख तिसरंच काही बोलते. अशा धंद्यात माणूस मुरला की त्याला वाटायला लागतं, आता आपल्याला सगळं कळलं.

मग माझी भूकंपवाल्यांशी गाठ पडली.

किस्से म्हणजे दुकानातल्या सुट्या स्क्रूंसारखे असतात बघा. कुठल्या खोक्यातून पडले ते कळत नाही, पण वर्षाअखेर डबा भरलेला! गेल्या दोन पावसाळ्यांत माझा असाच भरला. त्यातले थोडे इथे ओततो.

*

वैदेही मॅडम पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. मूळच्या नागपूरकडच्या, चाळिशीच्या आसपास, भूकंपाच्या शास्त्रज्ञ. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, एखादी बोअर मारणारी पार्टी असेल.

"काका, चाळीस बॅटऱ्या हव्यात. सोलरवर चालणाऱ्या. दोन पावसाळे टिकायला पाहिजेत."

"कशाला लागतात?"

"भूकंप ऐकायला."

दुकानातला माझा माणूस हातातली बॅटरी तशीच धरून उभा राहिला. मी आवाज खाली आणून विचारलं, "मोठा येणार हाय काय?"

"मोठा नकोच मला. बारके हवेत. तुम्हाला कळतसुद्धा नाहीत असे. कोयना-वारणेकडे होतात ना सारखे, ते."

"म्हणजे तुम्ही किरकोळ माल घेणाऱ्या!"

मॅडम मनापासून हसल्या. म्हणाल्या, "अंधाऱ्या गोदामात तुम्ही टॉर्च मारता ना? तसा प्रत्येक बारका भूकंप म्हणजे जमिनीच्या आत कुणीतरी मारलेला टॉर्च. लाट खाली जाते, पृथ्वीच्या कवचाच्या तळाला आपटते, परत वर येते. वीसेक ठिकाणी यंत्रं मांडून ठेवली, की अशा परत आलेल्या लाटा जोडून त्या तळाचं चित्र काढता येतं."

"तळ किती खोल?"

"पस्तीस-चाळीस किलोमीटर."

व्यापारी माणूस. किलोमीटर म्हटलं की मला डिलिव्हरीचा टेम्पो दिसतो. "म्हणजे इथनं निपाणी," मी म्हटलं.

"हो. पण सरळ खाली."

मी दुकानाच्या फरशीकडे बघितलं. तीस वर्षं मी निपाणीएवढ्या खोल दगडावर खुर्ची टाकून बसलो होतो आणि मला वाटत होतं, खाली ड्रेनेजची पाइप आहे!

*

मॅडमच्या कामाला मुदत दोन पावसाळ्यांची होती. तेवढ्यात चित्र जुळलं तर पुढची यंत्रं, पुढची वर्षं. नाही जुळलं तर सगळं उचलून दुसऱ्या राज्यात. मॅडमनी या एका चित्रामागे आयुष्याची किती वर्षं घातली होती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण जीपमध्ये त्यांची एक जुनी फाइल असायची, तिच्या कडा हाताळून हाताळून कापसासारख्या झाल्या होत्या. मला तेवढं पुरे होतं.

भुदरगडापासून वारणेपर्यंत माझी गिऱ्हाइकं पसरलेली. कुणाच्या रानात यंत्र ठेवायचं, कुणाला राखणदार नेमायचं, हे मीच सुचवलं. बॅटरीची गॅरंटी कंपनी देते. या माणसांची गॅरंटी मी देऊन बसलो!

यंत्र ताब्यात देताना मॅडम प्रत्येकाला दोनच गोष्टी सांगायच्या. "हे देवासारखं जपा. आणि जवळपास काही आदळलं, हललं, वाजलं, तर वहीत वेळ घालून लिहा. खरं लिहा." वह्या महिन्याला माझ्या दुकानात यायच्या. मी वाचायचो, सही करायचो, कामाच्या पानांचे फोटो काढून मॅडमना व्हॉट्सॲपवर टाकायचो आणि वही परत धाडायचो.

*

पहिलं यंत्र तपासणीसाठी कळंब्याला माझ्या घरामागेच पुरलं. आठवडाभराने मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या, चेहरा गंभीर.

"काका, रोज संध्याकाळी सात वाजता इथे काहीतरी होतंय. बारके-बारके धक्के, ठराविक अंतराने. थोडा वेळ चालतात, मग बंद. हे काय आहे?"

मी घाबरलो. तळ्याकाठी घर, म्हटलं खालून काही सरकतंय की काय. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. थाप, थाप, थाप.

मॅडमनी लॅपटॉपकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे. मग पुन्हा लॅपटॉपकडे. हळूच बोटाने रेघा मोजल्या आणि आत जाऊन आमच्या हिला म्हणाल्या, "काकू, रोज नऊ भाकरी असतात. गुरुवारी चौदा झाल्या. पाहुणे आले होते का?"

आमची ही पीठ लागलेल्या हातानं तशीच उभी. म्हणाली, "व्हय, माझी भैन आलती जावयाला घिऊन. ह्येस्नी तर त्ये बी ध्येनात न्हाय!"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

*

एक यंत्र एका तालमीच्या मागच्या परड्यात होतं. राखणदार एक पहिलवान. माणूस दिलदार, अक्षर मोत्यासारखं. वहीत रोज लिहायचा: "सकाळी सराव. आपण दोन वेळा खाली आलो."

महिनाभर दोन म्हणजे दोन. एकदा मॅडमनी त्याला सहज विचारलं, "पहिलवान, वहीत दोन आहेत. यंत्रात रोज चार दिसतात, चारही सारख्याच वजनाचे. असं कसं?"

पहिलवान मातीकडे बघत राहिला. एवढा आडवा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, "मॅडम, त्यातलं दोनदा मी पाय घसरून पडतो. त्ये धरायचं काय?"

पुढच्या महिन्यापासून वहीत चार यायला लागले. आणि मला वाटतं, तिथपासूनच तो सुधारला. सध्या तीनवर आहे!

*

वारणेच्या बाजूला डोंगरात अक्काताईंच्या गोठ्यामागे एक यंत्र. साठीच्या बाई, चार म्हशी, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचा माणूस वळून बघावा. तिकडे हादरे नेहमीचेच. आम्ही गेलो तर गावातली चार माणसं हरकत घ्यायला जमलेली. हे पेटारं पुरलं की हादरे वाढतील म्हणून.

अक्काताईंनीच त्यांना गप्प केलं. "आरं, मी दूध मोजायला माप आणलं म्हणून म्हस जास्त दूध दिती व्हय?"

विषय संपला. मॅडम नंतर म्हणाल्या, हेच सांगायला मला भाषणात पाच मिनिटं लागतात.

पण पुढे मजा आहे. अक्काताईंच्या वहीत प्रत्येक हादऱ्यापुढे आकडा असायचा. दोन, अडीच, तीन. मॅडम चक्रावल्या. यंत्राचा आकडा आम्ही तर त्यांना कधी सांगत नव्हतो, आणि यांचा आकडा दर वेळी त्याच्या आगेमागे!

"अक्का, हे कुठून लिहिता?"

त्यांनी आम्हाला आत नेलं, भिंतीवरची भांड्यांची मांडणी दाखवली. "ह्यो लग्नातला सेट. वाटी वाजली की दोन. पेला वाजला की अडीच. ताट बोललं की तीन. पयल्यांदा पेपरात आकडा आलता तवा मी ध्यान दिऊन ठिवलं, काय काय वाजलं त्ये."

"आणि सगळंच वाजलं तर?"

"तवा मी भाईर असतो, ल्हियाला कोण बसतंय!"

निघताना मला म्हणाल्या, "शेठ, तुमच्या पेटाऱ्याला बॅटरी लागती. माझ्या मांडणीला न्हाय." मी म्हटलं, अक्का, हळू बोला. धंदा बुडवाल माझा!

*

वडगावचा जनावरांचा बाजार दाखवायला मी मॅडमना मुद्दाम नेलं. तिथली पद्धत तुम्हाला माहीत असेल. दोन माणसं टॉवेलाखाली हातात हात घालतात, बोटं दाबतात, आणि तोंडाने एक शब्द न बोलता बैलाची किंमत ठरते. भोवती पन्नास माणसं उभी, कुणाला पत्ता नाही.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. दोन्ही माणसांचे चेहरे दगडासारखे. फक्त टॉवेल मधूनच जरासा हलायचा.

"काका," त्या म्हणाल्या, "मी वीस वर्षं हेच करतेय. टॉवेल हललेला दिसतो. आत काय ठरलं ते ओळखायचं."

मी इतक्या वेळा तो बाजार बघितलाय. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

*

आता हा किस्सा म्हणावा की नाही मला कळत नाही, कारण यात काहीच घडत नाही.

एका दुपारी मॅडम दुकानात आल्या, लॅपटॉप काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, "परवा सकाळी अकरा-चाळीसला तुम्ही कुठे होता?"

"इथंच. तुम्हीच समोर होता की! चहा घेत होतो."

"काही जाणवलं?"

"चहात साखर कमी होती."

त्यांनी पडद्यावरची रेघ दाखवली. सरळ रेघ, मग एक छोटी थरथर. "हा कोयनेकडचा बारका धक्का. ही त्याची सरळ आलेली लाट." मग बोट थोडं पुढे सरकवलं. तिथे अगदी बारीक, केसाएवढी दुसरी थरथर होती. "आणि ही खाली गेली होती. कवचाच्या तळाला लागून परत वर आली. एवढा सगळा प्रवास, जेमतेम वीस सेकंदांत. तुमच्या खुर्चीखालून."

म्हणजे मी बशीत चहा ओतत होतो, तेवढ्यात कुणीतरी सरळ खाली निपाणीला जाऊन माझ्या पायाशी परत आलं होतं! आणि वर येताना तिथला निरोप घेऊन आलं होतं. मी दुकानात देवाच्या फोटोला रोज उदबत्ती लावतो, पण खरं सांगतो, हात जोडावेत असं मनापासून त्या रेघेपुढे वाटलं.

दुकानातला माझा माणूस मागून डोकावून म्हणाला, "शेठ, ही रेघ फ्रेम करून लावूया काय?"

ती आज गल्ल्याच्या वर आहे. गिऱ्हाईक विचारतं, कुणाचा ईसीजी?

*

आता शेवटचा. हा सांगताना माझीच चूक आधी सांगावी लागणार आहे.

दुसरा पावसाळा सरत आला तसं मॅडमचं चित्र जवळजवळ जुळलं. वरचा काळा दगड, त्याखालचा जुना दगड, आणि सगळ्यात खाली तो तळ, एखाद्या मोठ्या परातीसारखा, हळूहळू उतरत गेलेला. फक्त एका ठिकाणी परात मोडलेली. गारगोटीच्या पुढे, आमचा तिथला राखणदार शामराव, त्याच्या रानाखाली. तिथे परत येणाऱ्या लाटा भलत्याच दिशेने येत होत्या, जणू खाली तळ वळून उभाच राहिलाय!

मॅडमचे वरिष्ठ फोनवर खूश. काहीतरी नवीन सापडलं, लवकर लिहा, असं म्हणत होते. नवीन सापडलं म्हणजे पुढची वर्षं पक्की, यंत्रं पक्की. पण मॅडमना झोप नाही. "काका, एकाच यंत्राच्या जोरावर कवचाचा तळ मोडलाय असं कसं लिहू? आणि खरं असेल तर न लिहून कसं चालेल?" वरिष्ठांना मजकूर पाठवायला दोन दिवस उरले होते. आम्ही जीप काढली.

शामराव म्हणजे गवंडी. थोडी शेती, पण खरं काम देवळं बांधायचं. पंचक्रोशीतल्या निम्म्या देवळांत देव त्यानेच बसवलेत. यंत्राचा चौथराही त्याचाच. इतका सपाट, की वर गोटी ठेवली तर जागची हलणार नाही.

मॅडमनी खड्ड्यावरचं झाकण काढलं, होकायंत्र धरलं आणि तशाच बसून राहिल्या. यंत्राच्या डोक्यावर एक बाण असतो, तो उत्तरेकडे ठेवायचा. तो सरळ पूर्वेकडे होता.

"शामराव, हे कुणी हलवलं?"

"मीच," शामराव म्हणाला. "गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरलं. देव पाण्यात कसा ठिवायचा? उचलला, पुसला, चौथरा वीतभर वर घेतला, परत बसिवला. बुडबुडा मधोमध आणला, बघा की, तसूभर हललाय काय?"

खरोखर नव्हता. यंत्रावरच्या सपाटी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्ये होता.

"पण तोंड पूर्वेला का केलंत?"

शामराव माझ्याकडे बघायला लागला, या बाईंना कसं समजावू अशा नजरेने. "मॅडम, तुमीच म्हणला हुता, देवासारखं जपा. मी पस्तीस वर्सं देव बसिवतोय. पयल्यांदा बसिवताना तुमची मानसं हुती, मी मदी बोललो न्हाय. पण माझ्या हातनं बसिवताना पूर्व सोडून कसा बसवू?"

मॅडमनी होकायंत्र खिशात घातलं. मग अगदी हळू विचारलं, "कधी? साधारण कधी केलंत हे?"

"साधारण कशापायी? वहीत हाय की."

त्याने घरातून वही आणली. दिवस, वेळ, सगळं: "पाणी शिरलं. काढला, पुसला, चौथरा चढवून परत बसवला. तोंड पूर्वेला केलं."

आणि त्या पानाच्या कोपऱ्यात माझी सही. वाचलं म्हणून! मी ते पान वाचलं होतं, आणि विहिरीवरचा पंप असेल असं समजून फोटोच काढला नव्हता. ज्या माणसाची मी गॅरंटी दिली होती तो खरा निघाला. गॅरंटी देणाराच कोरडा ठणठणीत!

मॅडमनी तिथेच, शामरावच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. त्या तारखेपासूनच्या, जमीन आडवी कुठल्या दिशेला हलली ते दाखवणाऱ्या सगळ्या रेघा पाव फेरी फिरवल्या. आम्ही दोघं मागे उभे. आतून चहा आला, तो कुणी घेतला नाही. बऱ्याच वेळाने पडद्यावर परात उमटली. अखंड. वारणेपासून गारगोटीच्या पुढेपर्यंत, कुठे चीर नाही, मोड नाही. मला वाटलं, त्या तळाला आपणच हात लावून आलो.

मॅडमचा मोठा शोध गेला होता, आणि चित्र पुरं झालं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होत्या की दुसरं काही, मी विचारलं नाही. मग त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. "सर, खाली काही मोडलेलं नाही. चूक आमची होती. पुढच्या वर्षांचं तुम्ही ठरवा, पण चित्र हेच जाईल." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

शामराव जरा नाराज. "म्हंजी आमच्या रानाखाली काय इशेष न्हाय म्हना."

"आहे," मॅडम म्हणाल्या. "खालचा तळ तुम्ही बांधल्यासारखा सपाट आहे."

तो लाजला. मग मॅडमनी खड्ड्यात उतरून यंत्र हातांनी हळूहळू फिरवलं, बाण उत्तरेला आणला, बुडबुडा मध्ये घेतला, वर झाकण लावलं. हात झाडत वर आल्या. आम्ही जीपकडे निघालो.

"ओ मॅडम! शेठ! थांबा की," मागून शामरावची हाक. हातात वही, वहीत पेन अडकवलेलं. "आज देवाचं तोंड फिरिवलंसा तुमी. त्ये कोन ल्हिणार? घ्या. कुनी फिरिवलं, किती वाजता, आन का. समदं ल्हिवा. आन खरं ल्हिवा."